'सप्रेम भेट' हे नवं बलुतं

आमच्या कवींना एक रोग जडला आहे. पीएफमधून कर्ज काढायचं, कवितासंग्रह छापून आणायचा, पहिल्या कोऱ्या पानावर 'सप्रेम भेट' लिहून खाली लफ्फेदार सही ठोकायची आणि शे-दोनशे प्रती वाटून मोकळं व्हायचं. उरलेले गठ्ठे खाटेखाली. तिथं उंदीर त्यांचं रसग्रहण करतात. आणि कुणी विचारलंच, 'काय भाऊ, किती प्रती खपल्या?' तर कवीचं तोंड असं होतं, जणू त्याला जात विचारली. म्हणतो, 'मी कवी आहे, दुकानदार नाही.'

दोस्तहो, ह्या एका वाक्याची चिरफाड करायची आहे. आपल्या सभा-संमेलनांतून हे वाक्य फार मानानं मिरवतं. ते ऐकून आपण टाळ्या वाजवतो. वाटतं, काय निःस्वार्थी माणूस आहे! पण हे वाक्य त्याचं नाहीच. ते उसनं आहे. आणि ज्याच्याकडून उसनं घेतलं, तो आपला सावकार आहे.

विद्या विकू नये, सरस्वती बाजारात बसवू नये, हे तत्त्वज्ञान कुणाचं? मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात श्राद्धाच्या पंगतीला कुणाला बसवू नये ह्याची लांबलचक यादी आहे. त्या यादीत पगार घेऊन शिकवणारा मास्तर आहे. आणि मजा बघा, त्याच श्लोकात शूद्राला शिकवणाराही आहे. दोघांना एकाच दावणीला बांधलं आहे. हा योगायोग नाही. मनूला बरोबर कळलं होतं की ज्ञानाला एकदा किंमत लागली की ते पैसा असलेल्या कुणालाही घेता येईल. वाणी आपल्याला शिवत नव्हता, पैसा वरून टाकायला लावत होता, पण पैसा घेत तर होता! ज्ञानाच्या बाबतीत तेवढीही फट ठेवायची नव्हती. म्हणून ज्ञान 'अमूल्य' केलं. अमूल्य म्हणजे काय, तर जे तुम्हाला मिळणार नाही ते.

२५ डिसेंबर १९२७ ला महाडला बाबासाहेबांनी ते पुस्तक जाळलं. सगळं जळलं, पण त्यातलं एक पान आमच्या कवीच्या डोक्यात शिल्लक राहिलं. तो विद्रोही आहे. जानव्याला शिव्या देतो. आणि पुस्तक विकायची वेळ आली की सोवळं नेसून बसतो.

भट विद्या विकत नव्हता हेही खरं नाही. तो दक्षिणा घेत होता. दक्षिणा आणि किंमत ह्यांत फरक आहे, तो नीट समजून घेतला पाहिजे. दक्षिणा देणारा हात जोडतो आणि घेणारा उपकार करतो. बलुतं ह्याच्या बरोबर उलट. आपल्या बापजाद्यांनी गावाची राखण केली, सांगावा पोचवला, मेलेलं ढोर ओढलं. मजुरी काय? खळ्यावर उभं राहायचं, पाटलाची मर्जी असेल तेवढं पदरात घ्यायचं. भाव ठरलेला नाही, वेळ ठरलेली नाही. मागितलं तर माजला. इथं घेणारा हात जोडतो आणि देणारा उपकार करतो. एकाला दक्षिणा, एकाला बलुतं. किंमत कुणालाच नाही.

म्हणून १९२८ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात बाबासाहेबांनी वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारं बिल मांडलं, त्याचा अर्थ मोठा आहे. धान्याची मूठ नको, कामाचा रोख आणि ठरलेला मोबदला द्या, ही मागणी होती. ते बिल तेव्हा पार पडलं नाही. महार वतन कायद्यानं गेलं ते पुढं १९५८ साली, बाबासाहेब गेल्यानंतर. 'ठरलेला मोबदला' ह्या दोन शब्दांसाठी इतकी वर्षं लागली.

आणि आमचा कवी काय करतो? तो पुन्हा खळ्यावर जाऊन उभा राहतो. 'सप्रेम भेट' कुणाला जाते ती यादी काढा. विद्यापीठातले प्राध्यापक. पुरवणीचे संपादक. पुरस्कार समितीचे मेंबर. समीक्षक. त्यांच्याकडून काय हवं असतं? चार ओळींचं परीक्षण, चर्चासत्रात एखादा उल्लेख, पाठीवर एक थाप. म्हणजे मर्जी असेल तेवढं पदरात. हे बलुतं नाही तर काय आहे? साहेब पुस्तक उघडतही नाहीत. काही वर्षांनी तीच सहीची प्रत रद्दीवाल्याच्या ढिगात निघते. रद्दीवाला मात्र ती विकतो. त्याला लाज वाटत नाही. ज्यानं लिहिली त्याला वाटते!

साचेखात्यात मागावर उभं राहून जो कापड काढतो, तो कधी म्हणतो का की माझ्या कापडाला भाव लावू नका, माझा अपमान होतो? उलट भाव कमी पडला तर लाल बावटा काढतो, गेट बंद करतो. बाबासाहेबांनी ज्यांना गुरू मानलं त्यांतला कबीर विणकर होता. कापड विणायचं, बाजारात न्यायचं, तोंडानं पद म्हणायचं. त्याच्या पदाला बाजाराचा विटाळ झाला नाही. आमच्या मुक्तछंदाला कसा होतो?

आता बाबासाहेबांकडेच बघू. त्यांच्या लेखनावर आपण भाषणं ठोकतो. पण ते लेखन त्यांनी छापलं कसं, लोकांपर्यंत नेलं कसं, पैसा उभा केला कसा, ह्यावर कुणी बोलत नाही.

३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक' निघाला. शाहू महाराजांनी अडीच हजारांची मदत केली. 'केसरी'त जाहिरात द्यायची ठरली. फुकट नव्हे, पैसे मोजून. तरी 'केसरी'नं नकार दिला. तेव्हा टिळक हयात होते. ही गोष्ट आपण अस्पृश्यतेचं उदाहरण म्हणून सांगतो, ते बरोबरच आहे. पण तिच्यात आणखी एक गोष्ट आहे. बाबासाहेब जाहिरात द्यायला गेले होते! आपल्या पत्राची खबर लोकांना लागली पाहिजे, ती शत्रूच्या पानावरही लागली पाहिजे आणि त्यासाठी दाम मोजला पाहिजे, हे त्यांना अठ्ठाविसाव्या वर्षी कळत होतं. 'मी विद्वान आहे, जाहिरातदार नाही' असं ते म्हणाले नाहीत.

'बहिष्कृत भारत' १९२७ ते १९२९ चाललं. अंकच्या अंक बाबासाहेब एकट्यानं लिहीत होते, मोबदला घेत नव्हते. पण म्हणून त्यांनी अंक वाटून टाकला नाही. वर्गणी थकली तेव्हा अग्रलेख लिहून वाचकाला सरळ विचारलं की ह्या पत्राचं ऋण हे लोकांचं ऋण आहे की नाही. आपल्या गरीब माणसाकडे पैसे मागताना ते लाजले नाहीत. कारण ते भीक मागत नव्हते आणि वाचकाला भिकारी समजतही नव्हते. तू दोन पैसे देऊ शकतोस, तू ह्या पत्राचा मालक होऊ शकतोस, असं त्याला सांगत होते. फुकट देणं म्हणजे समोरच्याला कायम घेणारा ठेवणं. हे कळलं की अर्धी लाज निघून जाते.

मग १९३६. लाहोरच्या जातपात तोडक मंडळानं बाबासाहेबांना अध्यक्ष म्हणून बोलावलं, भाषण वाचून घाबरलं आणि परिषदच गुंडाळली. भाषण पडून राहिलं. बाबासाहेबांनी ते स्वतःच्या खर्चानं छापलं. दीड हजार प्रती, किंमत आठ आणे. दोन महिन्यांत आवृत्ती संपली. 'जातिसंस्थेचे उच्चाटन' म्हणून आज आपण ज्याची पारायणं करतो, ते हे पुस्तक.

गांधींनी 'हरिजन'मध्ये त्यावर लिहिलं. सुधारकांनी हे भाषण टाळू नये असं म्हटलं आणि लगेच किमतीवर आले. आठ आणे जास्त होतात, दोन आणे करा, निदान चार आणे करा! स्वस्त झालं तर जास्त लोक वाचतील हा हेतू सरळ असेलही. पण परिषद रद्द झाल्यावर पदरचे पैसे घालून छापणाऱ्याला भाव सांगायचा, ही जागा कुठली? गिऱ्हाइकाची की पाटलाची? शिवाय ह्या लिखाणातून एक सूर निघत होता, की न झालेलं भाषण छापलं ते लोकांनी आपल्याला विसरू नये म्हणून. बाबासाहेबांनी उत्तरात तो सूर पकडला. मला प्रसिद्धीची हाव नाही, लोकांना विचार करायला लावणं हा माझा हेतू, असं त्यांनी बजावलं. पुढं हेही बजावलं की समजा प्रसिद्धीसाठी छापलं, तर मला दगड कोण मारणार? ज्यांचं स्वतःचं घर काचेचं आहे त्यांनी तरी मारू नये.

हे उत्तर आमच्या कवींनी गळ्यात बांधावं. सवर्ण लेखक पुस्तक विकतो तेव्हा ती 'वाङ्मयसेवा' असते. आपला माणूस विकतो तेव्हा तो 'प्रसिद्धीला हपापलेला' असतो. ही नजर १९३६ साली होती, आजही आहे. बाबासाहेबांनी ती उलटून लावली. आमचा कवी ती आत घेतो आणि स्वतःलाच लाजतो.

शेवटची गोष्ट १९५६ची. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' छापायला निघाला होता. छपाईचा खर्च वीस हजार रुपये. बाबासाहेब आजारी, खर्च झेपेना. १४ सप्टेंबरला त्यांनी पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहिलं. बुद्धाची अडीच हजारावी जयंती साजरी होते आहे, तर सरकारनं ग्रंथालयांसाठी आणि येणाऱ्या पंडितांसाठी पाचशेक प्रती विकत घ्याव्यात. 'विकत घ्याव्यात' हे लक्षात ठेवा. अनुदान मागितलं नाही, देणगी मागितली नाही. नेहरूंचं उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं. प्रकाशनासाठी ठेवलेली रक्कम संपली, मोठ्या संख्येनं प्रती घेणं जमणार नाही. वर सल्ला, की जयंतीला परदेशातून लोक येतील, तेव्हा दिल्लीत विक्रीला ठेवा, खप होईल. बाबासाहेब ६ डिसेंबरला गेले. ग्रंथ १९५७ साली आला.

घटना लिहिणारा, कायदेमंत्री राहिलेला माणूस मरणाच्या तीन महिने आधी आपल्या पुस्तकाच्या पाचशे प्रती विकल्या जाव्यात म्हणून पत्र लिहितो. आणि आमचा कवी म्हणतो, मी दुकानदार नाही!

बाबासाहेबांनंतर आपल्या लेखकांनी काय केलं? इथं थोडं कडू बोलावं लागेल.

१९६९ साली राजा ढाले आणि मित्रांनी 'सत्यकथे'ची होळी केली. प्रस्थापितांच्या दुकानाला आग लागली, छान झालं. पण त्या काळातल्या अनियतकालिकांना आपण विकले जात नाही ह्याचाच अभिमान वाटू लागला. चार अंक निघायचे, मित्रांत फिरायचे, बंद पडायचे. बंद पडणं हीच क्रांती. ज्यांच्या घरी महिन्याच्या महिन्याला पगार येत होता त्यांना ते परवडलं. दुकान जाळलं आणि दुसरं उभं केलं नाही, तर गिऱ्हाईक जुन्याच मालकाकडे परत जातं. ह्याच्या उलट गंगाधर पानतावण्यांचं 'अस्मितादर्श' बघा. १९६७-६८च्या सुमारास सुरू झालं आणि पानतावणे २०१८ साली गेले तोवर, पन्नास वर्षं, चाललं. त्यांनी लेखक आणि वाचक ह्यांचे मेळावे एकत्र भरवले. लेखकाला आपला वाचक डोळ्यांनी दिसला, हे त्यांचं काम कुठल्याही अग्रलेखापेक्षा मोठं.

दुसरी गोष्ट प्रस्तावनांची. अण्णा भाऊंची 'फकिरा' १९५९ साली आली, प्रस्तावना वि. स. खांडेकरांची. ढसाळांचा 'गोलपिठा' १९७२ साली आला, प्रस्तावना विजय तेंडुलकरांची. दोघांनीही मनापासून लिहिलं, त्यात खोट नाही. ती पुस्तकंही प्रस्तावनेवर उभी नाहीत, स्वतःच्या पायावर उभी आहेत. पण बाजाराचा कायदा काय होता बघा. आपल्या मालावर त्यांचा शिक्का असला तरच तो माल साहित्य म्हणून वजनात धरला जाई. आणि अण्णा भाऊ? त्यांच्या कादंबऱ्यांवर सिनेमे निघाले, आवृत्त्या निघाल्या, आणि १९६९ साली ते गरिबीतच मेले. लिहिणारा उपाशी आणि पुस्तक चालतंय, अशा वेळी हिशोब मागणं हे समीक्षेचं काम आहे. आपल्या समीक्षेनं 'फकिरा'तली भाषा तपासली, विद्रोह तपासला. हिशोबाची वही तपासली नाही.

तिसरी गोष्ट 'बलुतं'ची. दया पवारांचं हे आत्मकथन १९७८ साली 'ग्रंथाली'नं काढलं आणि ते खपलं. खपलं हाच गुन्हा झाला. आपल्यातलेच शिकलेले बोलले, घरची लक्तरं वेशीवर टांगली, दुःख विकलं. मी म्हणतो, दुःख विकलं म्हणजे काय? जे बलुतं म्हणून फुकट ओरबाडलं गेलं त्याला पहिल्यांदा छापील किंमत लागली, आणि पांढरपेशाला ती गल्ल्यावर मोजावी लागली. ह्यात शरम कसली? शरम वाटायची तर वेगळ्या गोष्टीची वाटली पाहिजे. 'बलुतं' ज्यांच्याबद्दल होतं ते कावाखान्यातले, वाड्या-वस्त्यांतले लोक त्या गल्ल्यापर्यंत आलेच नाहीत आणि आपण पुस्तक घेऊन त्यांच्यापर्यंत गेलो नाही. दोष दया पवारांचा नाही. आपल्याकडे टोपली नव्हती, हा दोष आहे.

म्हणतात, आपला माणूस पुस्तक घेत नाही. साफ खोटं. भुसावळ जंक्शनवर उभं राहून बघा. दसऱ्याला गाड्या नागपूरकडे भरून जातात, सहा डिसेंबरच्या आधी दादरकडे. येताना ह्या लोकांच्या पिशव्यांत काय असतं? पुस्तक. दीक्षाभूमीवर आणि चैत्यभूमीवर जमिनीवर ताडपत्री पसरून जेवढी पुस्तकं विकली जातात, तेवढी विक्री साहित्य संमेलनवाल्यांनी हेवा करावा अशी आहे. ज्या आजीला अक्षर येत नाही ती नातीसाठी चरित्र घेते. राज्य सरकारनं बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंड काढायला सुरुवात केली, वसंत मूनांच्या संपादनाखाली पहिला खंड १९७९ साली आला. लोकांनी रांगा लावून खंड नेले. पुढं कागद घेऊन ठेवलेला असताना छपाईच रखडली, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाला २०२१ साली आपणहून दखल घ्यावी लागली. म्हणजे वाचक उभा आहे, पुस्तकच जागेवर नाही.

मग कविता का खपत नाही? त्याचं उत्तर मला एका चौदा एप्रिलला मिळालं. पुतळ्याजवळ आम्ही पुस्तकं मांडली होती. एका कवीमित्राचा संग्रहही होता. रेल्वेतून रिटायर झालेला एक म्हातारा आला, संग्रह हातात घेऊन म्हणाला, "काय लिहेल आहे भो ह्याच्यात? मले समजीन अशी एक वाचून दाखव." मित्रानं वाचली. सूर्याच्या गर्भाशयापासून काळोखाच्या योनीपर्यंत सगळं त्या कवितेत होतं. म्हातारा शेवटपर्यंत ऐकत होता. मग त्यानं शांतपणे विचारलं, "हे तू कोणाशी बोलून राहिला?" संग्रह जागेवर ठेवला, वीस रुपयांचं सावित्रीबाईंचं चरित्र घेतलं आणि गेला.

एवढी तिखट समीक्षा मी कुठल्या चर्चासत्रात ऐकली नाही. कविता कोणाशी बोलते आहे? भेट देणाऱ्याला हा प्रश्न कधी ऐकूच येत नाही. भेट घेणारा गोड बोलतो, कारण त्याचं काही गेलेलं नसतं. विकत घेणारा खिशात हात घालण्याआधी विचार करतो, आणि तो क्षणभराचा विचार म्हणजे समीक्षा. म्हणून विकणं हा लिहिण्याचाच भाग आहे. वामनदादांसारखे आमचे गायक गावोगाव लोकांसमोर उभे राहिले, तेव्हा कुठली ओळ लोकांनी उचलली आणि कुठली पडली, हे त्यांना त्याच रात्री कळत होतं. म्हणून त्यांची भाषा नांगरासारखी घासून चकाकली. आमची गंजते.

पण थांबा. इथं दुसरा खड्डा आहे. 'विकलं पाहिजे' म्हटलं की काही जण लगेच 'जे विकतं तेच लिहिलं पाहिजे'वर उडी मारतात. शहरातल्या एका प्रकाशकानं आमच्यातल्या एकाला सांगितलं, 'विचार कमी करा, भोगलेलं वाढवा, आई-बहिणीवरचे प्रसंग टाका, तुमच्याकडून तेच चालतं.' ही दुसऱ्या टोकाची बलुतेदारी. तिथं मेलेलं ढोर ओढायचं, इथं स्वतःचीच मेलेली आई ओढत न्यायची.

१९३८च्या फेब्रुवारीत मनमाडला जी.आय.पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांपुढं बाबासाहेबांनी सांगितलं की कामगाराचे शत्रू दोन, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. आपल्याच लाइनीवर, आपल्याच बापजाद्यांना सांगितलं. पुस्तकाच्या धंद्यातही हेच दोन शत्रू आहेत. एक म्हणतो, विकू नकोस, विटाळ होईल. दुसरा म्हणतो, स्वतःलाच विक. दोघांचा मतलब एकच, की तुझ्या शब्दाची किंमत तू ठरवायची नाहीस.

ती आपण ठरवायची. म्हणून माझं म्हणणं असं. प्रत्येक पुस्तकावर, प्रत्येक अंकावर किंमत छापा आणि ती घ्या. किंमत अशी ठेवा की पाळीवरून सुटलेल्या कामगाराला दोन चहा सोडून घेता येईल. फुकट प्रत फक्त वसतिगृहाच्या कपाटाला आणि तुरुंगातल्या साथीला. प्राध्यापकाला पगार आहे, त्यानं विकत घ्यावी. छपाईला किती गेले, विक्रीतून किती आले, लेखकाला किती दिले, हा हिशोब शेवटच्या पानावर छापा. मोबाईलवर आपली पुस्तकं पीडीएफ करून फुकट फिरवतात, त्यांना सांगा की बाबासाहेबांचं लेखन जरूर फिरवा, पण जिवंत लेखकाचं पुस्तक त्याला न विचारता फिरवणं ही चळवळ नाही. आणि सगळ्यांत मोठं, स्वतःचं पुस्तक विकायला बसाल तेव्हा शेजारी दुसऱ्याची चार ठेवा. स्वतःचंच विकतो तो फेरीवाला, सगळ्यांचं विकतो तो कार्यकर्ता.

कुणी म्हणेल, एवढ्यानं काय होणार? बाजार त्यांचा, वितरक त्यांचे, शेकड्याला चाळीस कमिशन त्यांचं. खरं आहे. पण १९२०ला 'केसरी'चं पान बंद होतं तेव्हा आपल्याकडे काय होतं? पुढं स्वतःचा छापखाना उभा राहिला, 'जनता' निघाला, 'प्रबुद्ध भारत' निघाला. दादरचं आंबेडकर भवन आणि तिथला बुद्धभूषण प्रेस २०१६च्या जूनमध्ये रातोरात पाडला गेला. पाडणाऱ्यांना त्या भिंतींची किंमत कळत होती. आपल्याला आपल्या पानांची कधी कळणार?

हा अंक हातात आहे त्यानं मागचं पान बघावं. किंमत छापलेली आहे. ज्यानं दिली नसेल त्यानं आता द्यावी.

जय भीम.